बाबांचा अंगठा

मार्च लागला की आमच्या गल्लीतल्या बायका गच्चीवर कुरड्या घालतात. पहाटे चीक शिजवायचा, उन्हं तापायच्या आत साचे दाबून मोकळं व्हायचं, आणि दुपारी सावलीत बसून कावळ्यांना हाकलायचं. मी मात्र अठरा वर्षांत मार्चमध्ये एकही कुरडई घातली नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायच्या, "आमच्या सुनबाईच्या कुरड्या रजिष्टरातच वाळून राहिल्या."

मी राइस मिलमध्ये हिशेब लिहीत असे. तुमसर म्हणजे धानाचं गाव. भंडाऱ्याची ओळख पितळी भांड्यांची, आमच्या तालुक्याच्या उत्तरेला चिखला-डोंगरीकडं मँगनीजच्या खाणी, पण तुमसरात शिरलं की नाकाला आधी वास येतो तो कोंड्याचा. बी.कॉम. झाले, १९९४ साली लग्न होऊन ह्या गावात आले, दोन मुलं झाली, आणि धाकटा शाळेत रुळल्यावर २००६ मध्ये मिलच्या ऑफिसात जाऊ लागले. मिलचं नाव सांगत नाही, आणि ते विचारूही नका.

खरं सांगू का, हिशेबाचं काम आपल्याला नवं नसतंच. दूधवाल्याचे खाडे, धोब्याचे कपडे, मुलांच्या ऑटोचे पैसे आपण कॅलेंडरच्या चौकोनात लिहितोच की! फरक एवढाच, की घरी वीस रुपये जुळले नाहीत तर "असतील कुठं पर्समध्ये" म्हणून आपण सोडून देतो. मिलमध्ये वीस रुपयांसाठी मी रात्री साडेनऊपर्यंत बसलेली आहे, आणि घरी आल्यावर वरणाचं पातेलं करपलेलं पाहिलेलं आहे.

मला काम शिकवलं ते तिथल्या जुन्या मुनीमजींनी. त्यांच्या खिशात दोन पेनं असत, निळं स्वतःसाठी आणि लाल दुसऱ्यांच्या चुकांसाठी. त्यांच्या तरुणपणी व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीला संपायचं. लक्ष्मीपूजनाला नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, मग पेढे. आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष सक्तीनं ३१ मार्चला संपू लागलं ते १९८९ पासून. मुनीमजींना त्याचा राग शेवटपर्यंत गेला नाही. "दिवाळीला माणूस आंघोळ करून वही उघडत होता," म्हणायचे, "मार्चात घाम पुसत उघडते." आम्ही वहीपूजन दिवाळीलाच करायचो, पण वही कोरी असायची. सगळं काम टॅलीवर गेलं होतं.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र संगणकातही बदलली नाही. धान आला की तीन कागद. पहिली फाटकावरची नोंद, गाडी कुणाची, नंबर काय, किती वाजता आत आली. दुसरी काटापावती, भरल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. तिसरी पैसे मिळाल्याची पावती, घेणाऱ्याच्या सहीची. "तिघांची आपसात ओळख पायजे बाई. एकटाच आला तर त्याले बसवून ठेवा, वहीत घेऊ नका." आणि वर म्हणायचे, की कागद खोटा करता येतो, पण कोंडा खोटा करता येत नाही. सरकारी धान भरडाईला येतो तेव्हा क्विंटलमागं ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. बाकीच्यात तूस, कोंडा, बारीक कनकी आणि थोडी घट. तूस वीटभट्टीला जातं, कोंडा तेलवाल्याला. अमुक इतका धान घेतला म्हणता, तर मग त्याचा कोंडा कुणाला विकला? तेवढी वीज कुठं जळली? कुणीही अधिकारी आला तर हे दोनच प्रश्न विचारील, असं त्यांचं म्हणणं.

माझं महिन्याचं कॅलेंडर शेजारणींपेक्षा वेगळं होतं. त्यांना संकष्टी आणि एकादशी, मला ७, ११, १५ आणि २०. सात तारखेला कापलेला टीडीएस भरायचा, अकराला विक्रीचं जीएसटी विवरण, पंधराला हमालांचा आणि कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी, विसाला जीएसटीचा भरणा. विसाची तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा पोर्टल रात्री बारानंतर जरा बरं चालायचं. मी जेवणं आटोपून, मुलांना झोपवून, लॅपटॉप डायनिंग टेबलावर मांडून बसायची. हे अधूनमधून उठून पाहायचे आणि म्हणायचे, "अजून फिरतंच आहे का ते चाक?"

२०२२ पासून एक नवंच झालं. समोरच्यानं, म्हणजे ज्याच्याकडून आपण रबर रोल किंवा सुतळी घेतली त्यानं, स्वतःचं विवरण भरलं नाही, तर आपण त्याला दिलेल्या कराची वजावट आपल्याला मिळेना. पैसे आपण दिलेले, बिल आपल्याकडे, चूक त्याची, आणि बोलणी हिशेबनिसाला! महिन्यातून चार दिवस मी लोकांना फोन करून "भाऊ, विवरण भरा ना हो" म्हणून विनवण्या करीत असे. भिशीचे पैसे वसूल करणाऱ्या बाईची जी अवस्था होते तीच.

त्याच वर्षीची तांदळाच्या पिशवीची गंमत तुम्हांलाही आठवत असेल. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, बंद पिशवीतल्या तांदळावर ५ टक्के कर लागला, मग कंपनीचं मोठं नाव असो वा नसो. त्यापेक्षा मोठ्या पिशवीला तो नाही. लगेच बाजारात २६ आणि ३० किलोच्या पिशव्या आल्या. वाणी तुम्हांला "एक किलो जास्त देतोय" म्हणाला असेल, तर ते औदार्य नव्हतं.

आणि स्वतःचीच एक फजिती सांगते. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना व्यवसायकर माफ झाला. आधी ही मर्यादा १०,००० ची होती. मिलभराचे पगारपत्रक मी करायची, आणि माझ्याच पगारातून दोन महिने दोनशे-दोनशे रुपये मीच कापले. ह्यांनी आठवडाभर त्यावरून चिडवलं.

आता मुख्य गोष्ट.

मार्च २०२४. त्या वर्षीचा मार्च एरवीपेक्षा वाईट होता. लहान कारखानदारांची बिलं ४५ दिवसांच्या आत चुकती केली नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरायचा नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरायचा, हा नियम पहिल्यांदाच लागू झाला होता. त्यामुळं कोणता पुरवठादार 'लहान' आणि कोणता नुसता व्यापारी, ह्याची यादी करण्यातच होळी गेली. धूलिवंदनाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी २६ तारखेला, नखांतला रंग अजून गेला नव्हता तेव्हा मॅनेजरसाहेबांनी माझ्या टेबलावर एक फाईल ठेवली. धान खरेदीची व्हाउचरं. एकेचाळीस. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या तारखांची, सगळी रोखीची. बेरीज साधारण ४६ लाखांची.

ह्याचा अर्थ तुम्हांला सांगायला हवा. धंद्यात एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. २०१७ पूर्वी ही मर्यादा २०,००० होती. पण शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेला माल घेतला, तर रोखीला ही अट नाही. शेतकऱ्याच्या सोयीसाठी दिलेली सूट आहे ती. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं त्या शेतकऱ्याला कुणी विचारायलाही जात नाही. म्हणून ज्याला खर्च फुगवून नफा कमी दाखवायचा असतो, त्याला शेतकऱ्याचं नाव फार सोयीचं पडतं. धान येत नाही, पैसे जात नाहीत, फक्त कागद जातो.

मी काही हरिश्चंद्राची लेक नव्हे. त्याआधीही हमालीच्या हजेरीत दोन-चार नावं जास्तीची आहेत हे मला दिसत होतं, आणि मी ती लिहिली होती. "सगळीकडे असंच चालतं" हे वाक्य मीही नवीन पोरांना ऐकवलं होतं. त्या दिवशीही पहिली बावीस व्हाउचरं मी नुसती उलटत गेले. काटापावत्या नाहीत एवढं मनात नोंदलं आणि पुढं गेले.

तेविसावं व्हाउचर माझ्या बाबांचं होतं.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मोहाडी तालुक्यातलं माझं माहेरचं गाव. ५५ क्विंटल धान, दर २,१००, रक्कम १,१५,५००, तारीख १४ जानेवारी २०२४. खाली जांभळ्या शाईचा अंगठा.

बाबा २०१९ च्या पोळ्यानंतर गेले.

बाबांची जमीन अडीच एकर. त्या बांध्यांत आईबरोबर रोवणीला मीही गुडघाभर चिखलात उभी राहिलेली आहे. ती जमीन उभ्या जन्मात कधी ५५ क्विंटल पिकली नाही. इतकं पिकलं असतं तर बाबांनी गावजेवण घातलं असतं! पण आकड्यापेक्षा मला लागला तो अंगठा. १९७८ साली सरकारनं प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम काढला, त्यानंतर आमच्या गावात शाळेच्या ओट्यावर रात्रीचा वर्ग भरू लागला. मी सात वर्षांची असेन. बाबा दिवसभर औत हाकून आल्यावर कंदील घेऊन जायचे आणि माझ्या पाटीवर सराव करायचे. सही जमायला त्यांना एक हिवाळा लागला. त्यानंतर बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे कुणी शाईचा पॅड पुढं सरकवला की बाबा तो बोटानं बाजूला सारायचे आणि पेन मागायचे. शेवटच्या आजारात हात थरथरायचा, तरी दवाखान्याच्या कागदावर त्यांनी सहीच केली. आणि इथं त्यांच्या नावापुढं कुणाचा तरी अंगठा!

हे कसं झालं असेल ते मला लगेच कळलं. बाबा पूर्वी कधीकधी आमच्या मिलला धान घालायचे. त्यांच्या सातबाऱ्याची आणि आधारकार्डाची झेरॉक्स मीच फाईलला लावली होती. ती फाईल कुणीतरी काढली होती.

मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. म्हटलं, "ह्यांच्या काटापावत्या दिसत नाहीत."

"मॅडम, त्या मागाहून येतील. तुम्ही एंट्री मारून टाका. रविवारी वर्ष संपून राहिलं."

"हे तेवीस नंबरचे माझे बाबा आहेत. ते नाहीत आता."

त्यांनी कागद हातात घेतला. मला वाटलं, ओशाळतील. थोडे ओशाळलेही. मग म्हणाले, "अरे, हे लक्षातच नाही आलं. मग हे एक काढून टाका ना. दुसरं नाव देतो मी संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळी घरी येताना मी मुनीमजींकडे गेले. ते अंगणात खाटेवर होते, कमरेनं अधू झालेले. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोंडा किती विकला आपण यंदा?" मी आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "मंग एवढा धान आलाच नाही, बाई. तुमचे बाबूजी असो का नसो."

रात्री ह्यांना सांगितलं. हे शाळेत शिक्षक, माणूस सरळ. पण म्हणाले, "नाव काढतो म्हणतात ना? मग झालं. मालक सांगतो ते आपण लिहायचं. धाकट्याची नागपूरची फी जूनमध्ये भरायची आहे, घराचा हप्ता आहे." आणि मलाही ते पटलं. उगीच खोटं कशाला सांगू? मी झोपताना ठरवूनच झोपले होते, की बाबांचं व्हाउचर बाजूला काढायचं आणि उरलेली चाळीस लिहून टाकायची.

सकाळी टॅली उघडली आणि चोविसावं नाव वाचलं. आमच्या माहेरच्याच गल्लीतल्या एका काकूंचं. विधवा बाई, आईच्या रोवणीच्या जोडीदारीण. त्यांनी शेत केव्हाच बटईनं दिलेलं. पंचविसावं बाबांच्या चुलतभावाचं. पुढची यादी मी बोट ठेवून वाचली. अकरा जण मला तोंडओळखीचे होते, तिघांच्या घरी मी जेवलेली होते. एक नाव काढून भागणारं नव्हतं.

भंडाऱ्यात एका सीएच्या ऑफिसात माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, तिला दुपारी फोन केला. तिनं सांगितलेलं तुमच्याही कानावर असू द्या, कारण तुमच्यापैकी कितीजणींचे यजमान कुणाच्या ना कुणाच्या वह्या लिहीत असतील. २०२० पासून आयकरात असा नियम आहे, की वहीत खोटी नोंद सापडली तर जेवढ्या रकमेची नोंद तेवढाच दंड. ४६ लाख म्हणजे ४६ लाख. तो दंड धंद्याच्या मालकावर तर होतोच, पण ज्यानं अशी नोंद करायला लावली त्याच्यावरही होऊ शकतो. शिवाय फसवण्याच्या हेतूनं मालकाच्या वह्यांत खोटं लिहिणाऱ्या कारकुनाला आणि नोकराला सात वर्षांपर्यंत कैदेचं कलम जुन्या भारतीय दंडसंहितेत होतंच, १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही ते आहे. "मालकानं सांगितलं म्हणून" हे उत्तर तिथं पुरत नाही. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या लॉगिननं एंट्री झाली की वेळेसकट तुझं नाव राहतं. मालकाचं काय राहतं?"

शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती, शनिवारी शेठजींनी स्वतः बोलावलं. रविवार असूनही ३१ तारखेला सरकारी भरण्यासाठी बँका उघड्या राहणार होत्या, सगळ्यांचीच तारांबळ. शेठजी चांगलं बोलले, हे कबूल केलं पाहिजे. सासऱ्यांच्या आजारपणात त्यांनी न मागता उचल दिली होती, त्याची आठवण त्यांनी करून दिली नाही, पण मला झालीच. ते म्हणाले, "मी तुम्हाला घरचं माणूस समजतो."

मी म्हटलं, "घरचं माणूस म्हणूनच सांगते शेठजी, ह्यातला एकही धान फाटकातून आत आलेला नाही. मी लिहिणार नाही."

"तुम्ही नाही लिहिलं तर दुसरा लिहील."

"लिहू द्या."

एवढंच झालं. आरडाओरड नाही, काही नाही. मी माझा डबा, पाण्याची बाटली आणि टेबलाखालच्या जुन्या चपला पिशवीत घातल्या. एप्रिलपासून येऊ नका, असं मॅनेजरसाहेबांनी फोनवर कळवलं.

घरी पहिला महिना कठीण गेला. हे रागावले नाहीत, पण बोलणं कमी झालं, आणि ते रागापेक्षा जड जातं. हप्त्यासाठी माझ्या दोन बांगड्या बँकेत ठेवल्या. सासूबाई मात्र दुसऱ्याच दिवशी चिकाचा पाटा घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं मायबाई. यंदा कुरड्या तरी होऊन जातील." अठरा वर्षांनी मी कुरड्या घातल्या. तुटक्या, वाकड्या, पण घातल्या.

मार्चचा पगार अडकवून ठेवला होता. त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा मी एक कोरा कागद घेतला आणि माझी ग्रॅच्युइटी मांडली. ज्या आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असतात, तिथं पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती मिळते. शेवटच्या मासिक पगाराला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी पुन्हा गुणायचं. माझे १४,००० आणि वर्षं अठरा, म्हणजे १,४५,३८५ रुपये. तेव्हा १९७२ चा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण हिशेबाची रीत तीच. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, नाहीतर कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, हेही मी खाली लिहिलं. शेठजींनी पगारासकट पूर्ण रक्कम दिली. आकडा तपासला नाही. अठरा वर्षांत माझा आकडा त्यांनी कधी तपासला नव्हता.

आता मी घरीच चार-पाच दुकानांचे आणि दोन बचतगटांचे हिशेब पाहते. पैसे कमी मिळतात, पण ७, ११, १५, २० चुकत नाहीत. येणाऱ्या बायकांना मी एक सवय लावते. सातबारा, आधार, पॅनकार्ड ह्यांची झेरॉक्स कुणालाही देताना तिच्यावरच आडवं लिहायचं, कुणाला दिली, कशासाठी दिली, तारीख आणि सही. जागा सोडायची नाही. आणि वर्षातून एकदा आयकराच्या पोर्टलवर आपलं वार्षिक माहिती पत्रक उघडून पाहायचं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ते दिसतं. आपल्या पॅनवर कुणी आपल्याला न कळत पगार किंवा व्याज दाखवलं असेल, तर तिथं सापडायचा संभव असतो. एका बाईला असा सापडला, नवऱ्याच्या दुकानातून तिला महिन्याला वीस हजार पगार! तिनं कधी शंभराची नोट पाहिलेली नाही. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला दिलेला असा पगार, तिच्याकडे त्या कामाचं शिक्षण किंवा कौशल्य नसेल तर, आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात हे त्या दुकानदारालाही ठाऊक नव्हतं.

हे सगळं इतक्या दिवसांनी लिहायला बसले, त्याला कारण भाभीजी.

भाभीजी म्हणजे शेठजींच्या मिसेस. मिलमध्ये त्या भागीदार आहेत, कागदावर तीस टक्क्यांच्या. मिलमध्ये त्या वर्षातून एकदा यायच्या, दसऱ्याच्या यंत्रपूजेला. सह्यांचे कागद मीच त्यांच्या बंगल्यावर घेऊन जायची, जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं फुली मारून. त्या मला चहा द्यायच्या, मुलांची चौकशी करायच्या आणि फुलीवर फुलीवर सही करत जायच्या. वाचायला मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी मागितलं नाही. भागीदारीत धंद्याच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या घरादारासकट बांधलेला असतो, आणि १९३२ च्या कायद्यानं त्याला वह्या पाहायचा हक्कही असतो. ह्या दोन्ही गोष्टी मला ठाऊक असून मी त्यांना सांगितल्या नव्हत्या. ते मला आता टोचतं.

सप्टेंबर २०२४ चा शेवट होता, पितृपक्ष चालू होता. ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत त्या वर्षी ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली होती. मी दादाकडे माहेरी बाबांच्या तिथीचं जेवून आले होते, वैनीनं दिलेला वड्यांचा डबा अजून ओट्यावरच होता. दारात गाडी थांबली आणि भाभीजी उतरल्या. आमच्या घरी पहिल्यांदाच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

बसल्या, पाणी घेतलं. म्हणाल्या, "नवीन मुलगा फुल्या मारून घेऊन आला. मी विचारलं, बाई का नाही आल्या? तर कुणी धड सांगेना. मग ह्यांनाच विचारलं रात्री. तुमच्या बाबूजींचं काहीतरी झालं म्हणे."

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून धान खरेदीच्या खात्याची छापील पानं काढली. म्हणाल्या, "हे मी मागून आणलं. त्या मुलाला म्हटलं, भागीदार आहे ना मी? पण मला ह्यातलं काही कळत नाही."

आम्ही दोघी दिवाणावर बसून ती पानं पाहिली. तेविसाव्या ओळीवर दुसरंच नाव होतं. बाबांचं नव्हतं. बाकीची चाळीस होती तशीच होती.

"ह्यातले तुमच्या ओळखीचे किती?" त्यांनी विचारलं.

मी एकेका नावावर बोट ठेवत गेले. अकरा झाले. त्यांनी काढून ठेवलेल्या पेनाला टोपण लावलं, कागद परत पिशवीत घातले, आणि थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "ह्या काकू म्हणता ना तुम्ही, चोवीस नंबरच्या. त्या असतील का आता घरी?"

"असतील की. कुठं जातात त्या!"

"चला मग."

गाडी दारातच उभी होती. मी वड्यांचा डबा घेतला आणि सासूबाईंना म्हटलं, मोहाडीकडं जाऊन येते.